छापील तबकडी आणि लिहिलेली तबकडी

साहित्याच्या अभ्यासकांनी 'वाचक' या संकल्पनेचा गेल्या अर्धशतकात पुष्कळ खल केला आहे. अभिप्रेत वाचक, आदर्श वाचक, सहृदय रसिक अशी त्याची नाना रूपे आपण वर्गात शिकवतो. प्रस्तुत लेखात ज्या वाचकाचा विचार करायचा आहे तो यांपैकी कोणीच नाही. तो एक लेझर किरण आहे. दूरचित्रवाणी संचाखालच्या पेटीत बसून तो फिरती तबकडी वाचत असे, आणि वाचता आली नाही तर पडद्यावर 'नो डिस्क' एवढे दोनच शब्द उमटवून आपला अभिप्राय संपवीत असे. इतका मितभाषी समीक्षक मराठीला क्वचितच लाभला असेल.

२००० ते २०१० या दशकात ज्यांच्या घरी डीव्हीडी प्लेअर होता, त्यांना हा अनुभव सांगावा लागत नाही. दुकानातून आणलेली चित्रपटाची व्हीसीडी बिनतक्रार चालते. लग्नाच्या शूटिंगवाल्याने दिलेली सीडी मात्र चालत नाही. तीच शेजाऱ्यांच्या प्लेअरवर चालते, संगणकावर तर अगदी व्यवस्थित चालते, आणि आपल्या पेटीत घातली की 'नो डिस्क'. याची स्पष्टीकरणेही ठरलेली असत: लेन्सवर धूळ आहे, ब्लँक सीडी हलकी आहे, राईट करताना स्पीड जास्त ठेवला. ही स्पष्टीकरणे खोटी नव्हती, पण ती त्या त्या तबकडीपुरती होती. घरी लिहिलेल्या चित्र-तबकडीला डीव्हीडी प्लेअरच्या दारात का अडवले जाई, याची मुळे इतिहासात आहेत. आणि तो इतिहास छापील ग्रंथ व हस्तलिखित पोथी यांच्या संबंधाचा अभ्यास करणाऱ्यांना ओळखीचा वाटेल असा आहे.

या व्यवसायाची परिभाषाच मुळी ग्रंथव्यवहाराची आहे. कारखान्यात तयार होणारी तबकडी 'प्रेस' केली जाते. मूळ प्रतीवरून धातूचा ठसा घडवतात आणि त्या ठशाने वितळलेल्या पॉलिकार्बोनेटवर सूक्ष्म खाचा उमटवतात. हे शब्दशः मुद्रण आहे. घरच्या संगणकात तयार होणारी तबकडी मात्र 'लिहिली' जाते. इंग्रजीत तिला जाळणे म्हणतात, मराठी माणूस 'सीडी राईट करून दे' असे म्हणत असे, आणि आमच्या मते मराठी प्रयोगच अधिक अचूक आहे. (जाळण्याच्या रूपकावरून आठवले: 'नीरो बर्निंग रोम' हे त्या काळचे घरोघरी पोहोचलेले जर्मन सॉफ्टवेअर. नावात रोम जाळणाऱ्या सम्राटावर कोटी होती आणि चिन्हात पेटलेले कोलोसियम. ते कोलोसियम नीरोच्या मृत्यूनंतर बांधले गेले, ही गोष्ट कोटी करणाऱ्यांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.) प्रत्येक प्रकारच्या तबकडीचे नियम ज्या दस्तऐवजात असतात त्यांनाही 'बुक' म्हणतात: संगीताच्या सीडीचे रेड बुक, लिहिता येणाऱ्या सीडीचे ऑरेंज बुक, व्हिडिओ सीडीचे व्हाईट बुक. म्हणजे ही एक संहितांची परंपरा आहे, आणि तिच्यात मुद्रिताची संहिता आधी आली, लिखिताची नंतर.

फिलिप्स आणि सोनी यांनी संगीताची सीडी १९८२ साली बाजारात आणली. ती वाचणारा लेझर ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा होता. खाचेवरून परतणारा प्रकाश मंद आणि सपाट जागेवरून परतणारा प्रखर, एवढ्या फरकावर सगळे वाचन चालते. १९८८ साली लिहिता येणारी सीडी, म्हणजे सीडी-आर, आली तेव्हा तिच्या निर्मात्यांपुढे प्रश्न असा होता की जगभर आधीच पसरलेल्या प्लेअरांना ती वाचता कशी यावी. घरच्या यंत्रात खाचा पाडणे शक्य नव्हते. तेव्हा तबकडीत एका सेंद्रिय रंगद्रव्याचा थर घातला. लिहिणारा लेझर त्या थरावर ठिकठिकाणी डाग पाडतो, आणि वाचणाऱ्या लेझरला हे डाग खाचांसारखेच मंद भासतात. लिहिलेल्या सीडीची पाठ हिरवट, निळसर किंवा सोनेरी दिसे ती यामुळे. तिच्यात अक्षर नव्हते, अक्षराचा आभास होता. वाचकाला तो आभास खरा वाटेल अशी काळजी मात्र घेतलेली होती, आणि ती ७८० नॅनोमीटरच्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून घेतलेली होती.

ही शेवटची गोष्ट पुढच्या साऱ्या घोटाळ्याचे बीज आहे. १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये जपानमध्ये आणि १९९७ च्या मार्चमध्ये अमेरिकेत डीव्हीडी प्लेअर विक्रीस आले. तबकडीचा आकार तोच, १२० मिलिमीटर, पण अक्षर फार बारीक; म्हणून वाचणारा लेझरही सूक्ष्म हवा. तो ६५० नॅनोमीटरचा, लाल रंगाचा ठरला. कारखान्यात छापलेली सीडी या लाल किरणाला फारशी अडचणीची नव्हती, कारण तिच्यात अॅल्युमिनियमचा आरसा असतो आणि आरसा लाल प्रकाशही परतवतो. सीडी-आरचे रंगद्रव्य मात्र अवरक्त प्रकाशापुरते घडवलेले होते. लाल प्रकाश ते गिळून टाकी. त्या किरणाच्या दृष्टीने ती तबकडी कोरी नव्हती, चुकीचीही नव्हती. ती दिसतच नव्हती. 'नो डिस्क' हा संदेश अशा वेळी अक्षरशः खरा होता.

म्हणून पहिल्या पिढीतील अनेक डीव्हीडी प्लेअर दुकानातील छापील व्हीसीडी चालवीत आणि तिचीच घरी काढलेली प्रत नाकारीत. यात चोरी रोखण्याचा डाव होता असे त्या काळी सर्रास बोलले जाई. या एका बाबतीत तरी तसे मानायला आधार नाही. हा रंगद्रव्याच्या भौतिकीचा परिणाम होता. त्यावर उपायही निघाला. प्लेअरमध्ये दोन लेझर बसवायचे, एक लाल आणि एक अवरक्त, म्हणजे दोन पिढ्यांच्या लिपींसाठी दोन डोळे. पण दुसरा डोळा म्हणजे वाढीव खर्च. तो कोणी करायचा आणि कशासाठी, हे बाजार ठरवणार होता.

इथे आशियाचा संबंध येतो. व्हाईट बुक १९९३ चे. त्यातील व्हिडिओ सीडी अमेरिकेत कधी रुजलीच नाही, पण चीन, आग्नेय आशिया आणि भारत यांनी तिला उचलून धरले. तिची युक्ती साधी होती. चित्र आणि ध्वनी मिळून सेकंदाला जेवढी माहिती लागेल ती संगीताच्या सीडीच्या वेगाइतकीच ठेवायची. म्हणजे ज्या तबकडीवर ७४ मिनिटे गाणी मावतात तिच्यावर ७४ मिनिटे चित्रपट मावेल. त्यासाठी चित्र आपल्याकडच्या पद्धतीत ३५२ बाय २८८ ठिपक्यांवर आणावे लागे. चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत विभागला जाई, आणि तीन अंकी नाटकाच्या प्रेक्षकाला मध्येच उठून तबकडी बदलण्यात काही गैर वाटत नसे. हलत्या दृश्यात चौकटी-चौकटी दिसत. तरीही व्हीसीडी टिकली, कारण ती स्वस्त होती आणि मुख्य म्हणजे ती कुणालाही लिहिता येत होती. शूटिंगवाले, कम्प्युटर क्लासवाले, कॉलेजातली मुले, सर्वांच्या आवाक्यात तिचे लेखन आले होते. अशा बाजारात लिहिलेली तबकडी न वाचणारा प्लेअर विकणे कठीण होते. २००० नंतर चिनी बनावटीचे स्वस्त प्लेअर आपल्याकडे आले ते दोन डोळे घेऊनच. आणि महागड्या नामांकित यंत्राने नाकारलेली तबकडी हा हजार-दीड हजारांचा प्लेअर चालवतो, हे दृश्य घरोघरी दिसू लागले. त्या यंत्रांची तेव्हा टिंगल झाली. आमच्या मते वाचनाच्या इतिहासात त्यांचे स्थान टिंगल करणाऱ्यांच्या यंत्रांपेक्षा वरचे आहे.

दिसणे एक, कळणे दुसरे. किरणाला तबकडी दिसली तरी तिच्यावरचा मजकूर अपेक्षित रचनेत नसेल तर प्लेअर थांबे. व्हीसीडीत चित्राची धारिका एका ठरलेल्या कप्प्यात, ठरलेल्या नावाने असावी लागते. डीव्हीडीत 'व्हिडिओ टीएस' या कप्प्यात तिचे भाग, प्रत्येकी जास्तीत जास्त एक गिगाबाइटचे, अनुक्रमाने असावे लागतात. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीत सीडी लिहिण्याची सोय होती, पण ती धारिका जशीच्या तशी तबकडीवर उतरवी. व्हीसीडीची रचना करीत नसे. परिणामी असंख्य लोकांनी उत्तम चित्रण असलेल्या तबकड्या लिहिल्या, ज्यांत मजकूर होता पण ग्रंथ नव्हता. संगणक त्या वाचे, कारण संगणकाला सुटे कागदही चालतात. प्लेअरला बांधलेले पुस्तक लागे.

आता डीव्हीडी लिहिण्याकडे वळू. इथे मात्र केवळ भौतिकी नाही, धोरण आहे. लिहिता येणारी डीव्हीडी-आर १९९७ साली आली, ३.९५ गिगाबाइट क्षमतेची आणि व्यावसायिकांनाच परवडेल अशा यंत्रांसाठी. पुढे ती छापील डीव्हीडीच्या ४.७ गिगाबाइटपर्यंत पोहोचली, आणि त्याच सुमारास तिचे दोन वर्ण करण्यात आले. एक प्रकाशनपूर्व मूळ प्रत तयार करणाऱ्यांसाठी, दुसरी सामान्यांसाठी. दोघींचे लेखन-लेझर वेगळ्या तरंगलांबीचे, एकीचा ६३५ आणि दुसरीचा ६५०, त्यामुळे एकीची कोरी तबकडी दुसरीच्या यंत्रात लिहिता येऊ नये. शिवाय सामान्यांच्या तबकडीवर, चित्रपटांच्या कुलूपबंदीच्या किल्ल्या जिथे असतात ती जागा कारखान्यातच निकामी करून ठेवलेली असे. पोथी लिहिणाऱ्याला कोरा कागद द्यायचा, पण त्यावरचा एक समास आधीच काळा करून द्यायचा, असा हा प्रकार. वाचन दोघींचेही सामान्य प्लेअरमध्ये व्हावे अशी योजना होती. भीती वाचनाची नव्हती. भीती होती ती लिहिणाऱ्याची.

घरगुती वापराची यंत्रे २००१ साली आली. पायोनियरचा ड्राइव्ह त्या वर्षी अॅपलच्या संगणकात बसला, आणि 'आपला चित्रपट आपणच डीव्हीडीवर उतरवा' ही कल्पना जाहिरातींचा विषय झाली. त्याच वर्षी प्रतिस्पर्धी गटाची डीव्हीडी+आरडब्ल्यू आली आणि २००२ मध्ये डीव्हीडी+आर. फिलिप्स, सोनी, ह्यूलेट-पॅकार्ड, रिको, यामाहा, मित्सुबिशी यांचा हा गट. मूळ डीव्हीडीच्या संहितेचे संरक्षण करणाऱ्या 'डीव्हीडी फोरम'ने या अधिक-चिन्हांकित तबकड्यांना मान्यता दिली नाही, म्हणून त्यांच्यावर डीव्हीडीचे अधिकृत बोधचिन्हही छापता येत नसे. ही मान्यता मिळायला २००८ साल उजाडले, म्हणजे भांडणाचा अर्थ संपल्यावर. कारण २००२ च्या अखेरीपासूनच दोन्ही प्रकार लिहिणारे ड्राइव्ह मिळू लागले होते आणि लिहिणाऱ्याने वजा घ्यायची की अधिक हा प्रश्न दुकानदाराच्या साठ्यावर सोडला होता. पण त्या मधल्या काळात ज्यांनी तबकड्या लिहिल्या त्यांच्या वाट्याला एक नवीनच अडचण आली.

प्रत्येक डीव्हीडीच्या आरंभी, मजकुरापूर्वी, तबकडी आपली ओळख सांगते. या ओळखीत चार द्विमान अंकांचा एक रकाना असतो, त्याला 'बुक टाइप' म्हणतात. छापील डीव्हीडीचा रकाना चारही शून्यांचा. डीव्हीडी-आरचा वेगळा, डीव्हीडी+आरचा आणखी वेगळा. जुन्या प्लेअरांना त्यांच्या जन्मानंतर आलेल्या प्रकारांची ओळख असणे शक्यच नव्हते. अनोळखी आकडा दिसला की त्यांतले काही, पुढचा मजकूर वाचता येण्याजोगा असूनही, मुखपृष्ठावरूनच ग्रंथ परत करीत. यावर अधिक-गटाने जी युक्ती काढली ती आम्हांला या संपूर्ण इतिहासातली सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट वाटते. लिहिताना या रकान्यात चार शून्ये भरायची, म्हणजे 'मी लिहिलेली नसून छापलेली आहे' असे तबकडीने सांगायचे. मग जुना प्लेअर तिला निमूटपणे वाची. वजा-गटाच्या तबकडीत हा रकाना कारखान्यातच कोरलेला असे, त्यामुळे तिला ही सोय नव्हती.

मराठी मुद्रणाच्या अभ्यासकाला इथे गणपत कृष्णाजींची आठवण होणे अटळ आहे. १८३१ साली मुंबईत त्यांनी पंचांग छापले तेव्हा छापील अक्षराला सोवळे नव्हते. शाईत चरबी असते म्हणून धर्मनिष्ठ मंडळी छापील पुस्तकास शिवत नसत. तेव्हा गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरली असे सांगितले जाते. त्या काळात धार्मिक ग्रंथ छापताना सुट्या आडव्या पानांची पोथीची घडण पुढेही दीर्घकाळ सांभाळली गेली. मुद्रिताला घरात प्रवेश हवा म्हणून त्याने हस्तलिखिताचे रूप घेतले. पावणेदोनशे वर्षांनी प्रतिष्ठेची दिशा पूर्ण उलटली होती, आणि हाताने लिहिलेल्या तबकडीला त्याच घरात, त्याच दिवाणखान्यात शिरण्यासाठी मुद्रिताचे सोंग घ्यावे लागले. दोन्ही वेळी मजकूर तोच होता. अडवणूक झाली ती लेखनाच्या जातकुळीवरून.

या सोंगालाही मर्यादा होत्या, कारण वाचक केवळ ओळखपत्र पाहत नसे, चेहराही पाहत असे. छापील एकपदरी डीव्हीडी किमान ४५ टक्के प्रकाश परत पाठवते. डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आरही या पातळीवर पोहोचतात. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकड्या मात्र १८ ते ३० टक्क्यांच्या पट्ट्यात राहतात. नेमक्या याच पट्ट्यात छापील दुपदरी डीव्हीडी येते. त्यामुळे अशी तबकडी घातली की काही प्लेअर तिला दुपदरी समजत, दुसरा पदर शोधत राहत, आणि तो नसल्यामुळे गोंधळून थांबत. 'पुन्हा पुसून वापरता येईल, म्हणून चांगली' असे समजून ज्यांनी महाग आरडब्ल्यू तबकड्या घेतल्या, त्यांची निराशा अधिक झाली ती यामुळे.

आणि मग पुष्पिकेचा प्रश्न. जुन्या पोथीच्या शेवटी लेखनिक 'समाप्त' असे लिहून शक, तिथी, स्थळ नोंदवतो. पोथी पुरी झाल्याची ती ग्वाही असते. तबकडीलाही अशी ग्वाही लागते. लेखन संपल्यावर तिच्या आरंभी व अखेरीस नियमाप्रमाणे सीमा-मजकूर लिहून ती बंद करावी लागते. याला 'फायनलाइझ' करणे म्हणत. न केल्यास ज्या यंत्राने ती लिहिली तेच यंत्र बहुधा ती वाचू शके, बाकीच्यांना ती कोरी वाटे. आठ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीवर थेट चित्रण करणारे हँडिकॅम २००३ नंतर आपल्याकडेही दिसू लागले, तेव्हा हा प्रश्न विशेष तीव्र झाला. कार्यक्रम संपला, तबकडी काढली, पाकिटात घातली, वर नाव लिहिले. पुष्पिका राहून गेली.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांची अडचण आणखी निराळी. दुकानातल्या डीव्हीडीवर प्रदेशाचे बंधन असते, अमेरिका १ आणि भारत ५, हे बहुतेकांना ठाऊक झाले होते. घरी लिहिलेल्या तबकडीवर असे बंधन सहसा नसते, म्हणून पुण्या-साताऱ्याहून पाठवलेली मुंजीची तबकडी न्यू जर्सीत चालायला हरकत नव्हती. तरी ती अनेकदा चालत नसे. आपले चित्रण पाल पद्धतीचे, ६२५ रेषांचे, सेकंदाला २५ चित्रे. अमेरिकेतले एनटीएससी, ५२५ रेषांचे, सेकंदाला सुमारे ३०. आपल्याकडचे प्लेअर दोन्ही वाचत. तिकडचे अनेक प्लेअर फक्त स्वतःची पद्धत जाणत. म्हणजे मुलांकडून आलेली तबकडी आईवडिलांना दिसे, आईवडिलांनी पाठवलेली मुलांना दिसत नसे. भाषांतराच्या अभ्यासकांनी या एकतर्फी द्वैभाषिकतेवर काही म्हणायला हरकत नाही. आम्ही पुढे जातो.

लेखनसाहित्याविषयी दोन शब्द. कोऱ्या तबकड्यांच्या जगातील अग्रगण्य उत्पादकांपैकी एक भारतीय होता, ही गोष्ट आता विस्मरणात चालली आहे. मोझर बेअर ही कंपनी १९८३ साली कामगारांच्या हजेरीची घड्याळे बनवण्यासाठी सुरू झाली, १९८८ मध्ये फ्लॉपीकडे वळली आणि १९९९ पासून लिहिता येणाऱ्या तबकड्यांकडे. २००७ साली तिने चित्रपटांची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, तेव्हा मुद्रिताची किंमत प्रथमच घरगुती नकलेच्या जवळ येऊन बसली. पण तबकडीचे युगच मावळत होते. २०१८ मध्ये ही कंपनी अवसायनात निघाली. २०२५ च्या आरंभी सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले.

आता या साऱ्याचा आमच्यासारख्या मराठीच्या विभागांशी काय संबंध, हे सांगायला हवे. २००२ ते २०१० या काळात महाविद्यालयांतून जे जे चित्रित झाले, ते बहुतेक याच घरगुती तबकड्यांवर आहे. व्याख्यानमाला, कवीच्या तोंडून कविता, निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकाचे शेवटचे भाषण, लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी गावोगाव जाऊन चित्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या. कॅसेटवरचे चित्रण तबकडीवर उतरवून कॅसेट पुन्हा वापरली, म्हणजे मूळ प्रतही गेली. यांतले फारसे काही कुठल्याही प्रकाशकाने छापलेले नाही आणि छापणारही नाही. छापील चित्रपटाची एक प्रत खराब झाली तर हजार प्रती आहेत. लिहिलेली तबकडी बहुधा एकुलती एक असते, आणि वाचनाच्या बाबतीत सर्वांत दुबळीही तीच.

ती दुबळी का, हेही वरील इतिहासातच आहे. रंगद्रव्य उजेडाने, उष्णतेने, दमटपणाने विटते. डाग आणि सपाट जागा यांतला फरक कमी होत जातो. सीडी-आरमध्ये हा थर नावाच्या बाजूला, पातळ रोगणाखाली असतो. त्यावर बॉलपेनने दाबून लिहिले तर मजकुरावरच ओरखडा उठतो. डीव्हीडीत तो दोन पातळ चकत्यांच्या मधोमध, म्हणून थोडा सुरक्षित असतो. सुबक दिसावे म्हणून चिकटवलेले कागदी लेबल कालांतराने सुटते, फिरताना तोल घालवते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत लेबल लावू नका, मऊ टोकाच्या, पाण्याच्या शाईच्या लेखणीने लिहा, तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा असे स्पष्ट सांगितले होते. आमच्या कपाटातल्या तबकड्या आडव्या थप्पीत, दोऱ्यात ओवलेल्या पानांसारख्या एकमेकींवर चिकटून होत्या. त्या काळी तबकडीच्या डब्याची घडणच तशी असे.

काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे की हे सगळे यूट्यूबवर चढवून मोकळे व्हावे. चढवण्याला आमचा विरोध नाही. पण आधी ती तबकडी वाचली पाहिजे, आणि वाचकच नाहीसे होत आहेत. नव्या लॅपटॉपना ड्राइव्ह नसतो. दुरुस्तीवाल्याकडे प्लेअरची लेन्स मिळेनाशी झाली आहे. मोडीतल्या कागदांची आठवण होते: पुणे, कोल्हापूर, तंजावर इथल्या संग्रहांत ते असंख्य आहेत, बरेचसे शाबूत आहेत, आणि विसाव्या शतकाच्या मध्याला मोडी शाळेतून गेल्यावर ते वाचणारे बोटांवर मोजण्याइतके उरले. मात्र मोडी पुन्हा शिकता येते, आज उत्साहाने शिकलीही जाते. विटलेले रंगद्रव्य पुन्हा शिकता येत नाही. म्हणून इथे वाचकाची सोय आणि मजकुराचे आयुष्य या दोन्ही घड्याळांकडे एकाच वेळी पाहावे लागते, आणि कोणते आधी थांबेल हे तबकडीगणिक वेगळे असते.

जी तबकडी एका यंत्राला दिसत नाही ती दुसऱ्याला दिसते, ही त्या दशकातली सर्वांत त्रासदायक गोष्ट आता उपयोगी पडते आहे. नकल उतरवताना आम्ही फक्त चित्राची धारिका उचलत नाही. आरंभापासून अखेरीपर्यंत संपूर्ण तबकडीची प्रतिमा घेतो, कारण ओळखीचा रकाना, तारखा, कप्प्यांची नावे हाही संहितेचाच भाग आहे. 'डीडीरेस्क्यू' नावाचे मुक्त सॉफ्टवेअर कोणता भाग वाचला गेला आणि कोणता राहिला याची नोंद ठेवते. तीच तबकडी मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून फक्त राहिलेले भाग वाचायला सांगता येतात, मग तिसऱ्यात. पाठसंशोधनात अनेक प्रतींवरून एक पाठ सिद्ध करतात. इथे प्रत एकच आणि वाचक अनेक. २००६ साली लिहिलेल्या एका व्याख्यानाच्या तबकडीचा शेवटचा भाग दोन ड्राइव्हनी नाकारला. विद्यार्थ्याने घरून आणलेल्या जुन्या संगणकाच्या ड्राइव्हने तो रात्रभर कुरकुरत वाचला. आमच्या नोंदवहीत आता विषय, वक्ता, दिनांक यांच्या पुढे आणखी एक रकाना आहे: कोणत्या यंत्राने वाचली. छोट्या हँडिकॅमच्या सात तबकड्यांपुढे तो रिकामा आहे. त्या बंद केलेल्या नाहीत, आणि ज्या कॅमेऱ्याने त्या लिहिल्या तो कोणाकडे आहे याची चौकशी सध्या चालू आहे.